एका किलो भेंडीचा धूर

खालापूर तालुक्यातल्या शिरसवणे गावात साईनाथला नुसतं साईनाथ कुणी म्हणत नसे. वाशीवाला साईनाथ म्हणत. गावात दुसरा साईनाथ नाही, म्हणजे ओळख पटावी म्हणून ही पदवी चिकटली होती असं नाही. ती त्याने बावीस वर्षांत कमावली होती आणि बरीचशी स्वतःच गावभर पसरवली होती. पाताळगंगेच्या काठच्या मळ्यांतली भेंडी, कारली, शिराळी टेंपोत भरायची, दिवेलागणीला निघायचं, वाशीच्या घाऊक बाजारात दलालाच्या गाळ्यावर माल उतरवायचा आणि सकाळच्या चहाला घरी हजर व्हायचं, हा त्याचा धंदा. पण बोलणं ऐकून एखाद्याला वाटावं की हा गडी रोज विलायतेला जाऊन येतो.

गावात लग्नाचा मांडव पडला की साईनाथ सांगणार, वाशीला असले बांबू वापरत नाहीत. पंचायतीची टाकी गळली की वाशीच्या टाक्यांचं वर्णन सुरू. वास्तविक वाशीत त्याने पाहिलेलं म्हणजे बाजाराचं गेट, दलालाचा गाळा आणि एक चहाची टपरी. बाकीचा वेळ तो टेंपोत पाय दुमडून झोपलेला असे आणि हमाल माल उतरवत, परतीचा माल चढवत. ही झोपेची गोष्ट त्याने कुणाला सांगितली नव्हती, आणि गावानेही आपल्या एकुलत्या एका जगप्रवाशाला फार खोलात कधी विचारलं नव्हतं.

टेंपोवर मात्र त्याचा खरोखर जीव होता. बायकोचा वाढदिवस त्याला आठवत नसे, पण पीयूसीची तारीख तोंडपाठ. तो कागद त्याने काचेच्या आतून असा लावला होता की समोरून येणाऱ्याने आधी कागद वाचावा आणि मग ड्रायव्हरचं तोंड बघावं. आपली गाडी धूर सोडत नाही, हे तो लोकांनी न विचारता सांगे.

अशा माणसाच्या घरात तेजश्रीसारखी मुलगी निपजली, त्याला कोण काय करणार. ती शेती कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती आणि तिने अभ्यासाला विषय घेतला तो हा: एक किलो भेंडी मळ्यातून निघून ताटात पडेपर्यंत हवेत किती वायू सोडते. म्हणजे पाण्याचा पंप किती वीज ओढतो, युरिया किती पडतो, गाडी किती डिझेल पिते, आणि त्या सगळ्यातून जो वायू वर जातो त्याने ऊन किती चढतं. उन्हाचं गावाला निराळं सांगायची गरज नव्हती. अलीकडे फेब्रुवारीतच चैत्रासारखं तापत होतं. दिवसाआड तोडायची भेंडी एका दिवसात निबर व्हायला लागली होती, आणि बायका त्या उन्हाला मनापासून शिव्या देत होत्या.

ओटीवर वही उघडून तेजश्रीने बापाला गाडीचं अॅव्हरेज विचारलं, तेव्हा साईनाथने तो प्रश्न शिवीसारखाच घेतला.

“माज्या गाडीला धूर नाय. कागद लावलाय काचंवर.”

“बाबा, हा वायू दिसत नाही.”

“दिसत नाय, मग मोजतीस काय गं?”

तेजश्रीने हिशेब पुढे ढकलला. बापाला समजावण्यापेक्षा युरियाच्या गोणीला समजावणं सोपं, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

तो हिशेब लवकरच साईनाथच्या गळ्याशी आला. गावातल्या भेंडीचा निम्म्याहून जास्त माल सोनाबाईच्या बचत गटाच्या बायकांचा. सोनाबाई साठीची, बोलायला कमी आणि ऐकायला तयार, त्यामुळे तिच्याकडे कुणीही येऊन काहीही सांगून जाई. तसे एक दिवस नवीन नावाचे गृहस्थ आले. गावाबाहेरच्या टेकडीवर मुंबईकरांची फार्महाऊसं झाली आहेत, त्यांतलं एक यांचं. त्यांनी सांगितलं की भाजी वाशीला नेणाऱ्या गाड्यांमुळे पृथ्वी तापते, त्यापेक्षा गटाने भाजी इथेच विकावी, फार्महाऊसवाले दर शनिवारी येऊन घेतील. बायकांना ते पटलं. रविवारी गटाची बैठक ठरली. साईनाथच्या टेंपोत माल द्यायचा की बंद करायचा, एवढाच एक विषय.

हे ऐकल्यावर साईनाथचं जेवणावरचं लक्ष उडालं. गटाचा माल गेला तर टेंपो अर्धा रिकामा, आणि अर्ध्या टेंपोने वाशीला कुणी जात नाही. वाशी बंद म्हणजे आपण कोण, हा प्रश्न त्याला बावीस वर्षांत पहिल्यांदा पडला. तो उठला आणि स्वतःहून मुलीसमोर जाऊन बसला. काय ते खरं खरं मोज, म्हणाला. गाडी गुन्हेगार असेल तर मी स्वतः बंद करीन.

तेजश्रीने दोन दिवस घेतले. जाऊन येऊन शंभर किलोमीटर, त्याला डिझेल आठ लिटर, गाडीत माल हजार किलो. म्हणजे एका किलोच्या वाट्याला आठ मिलिलिटर. साईनाथला मिलिलिटर कळेना, तेव्हा तिने फडताळातून खोकल्याच्या औषधाचं झाकण काढून दाखवलं. हे झाकण, आणि तेही काठोकाठ नाही.

झालं. त्या दिवसापासून खोकल्याच्या औषधाचं झाकण साईनाथच्या खिशात मुक्कामाला आलं. भेटेल त्याला थांबवून तो ते दाखवायचा आणि एक किलो भेंडी वाशीला न्यायला माझी गाडी एवढं पिते, म्हणून सांगायचा. मोटारसायकल काढून खालापूरला किलोभर भाजी आणायला निघालेल्या पोरांना तो मधेच अडवी आणि तुम्ही चहाचे दोन कप पेट्रोल जाळता, पृथ्वी तुम्ही तापवता, असं सुनावी. घरात कुणाला खोकला झाला असता तर औषध मोजायची पंचाईतच होती.

तेजश्रीच्या वहीत त्या पानाच्या तळाशी दोन ओळी आणखी होत्या. वाशीत पोचेपर्यंत किती भेंडी सुकते आणि टाकली जाते? परतीच्या फेरीत गाडी काय आणते? त्यांच्यापुढे जागा कोरी होती. साईनाथला तिने ते विचारलं, तेव्हा परतीचं भाडं निराळं, त्याचा भेंडीशी संबंध नाही, असं म्हणून तो झाकण घेऊन बाहेर पडला.

परतीचं भाडं म्हणजे रूपेशचा माल. रूपेशचं खालापूरला भाजीचं मोठं दुकान. तो वाशीच्या दलालाला फोनवरून माल सांगे, हमाल तो साईनाथच्या गाडीत चढवत, वर ताडपत्री बांधत, आणि साईनाथ पहाटे तो रूपेशच्या दारात उतरवून घरी येई. ताडपत्रीखाली काय आहे हे बघायचं त्याला कधी कारण पडलं नव्हतं.

गुरुवारी दुपारी, न कळवता, शकूचा भाऊ आणि भावजय रसायनीहून आले. शकू ही साईनाथची बायको. भेंडी तिने लावलेली, तिने राखलेली, तिने तोडलेली. पण या घराचा नियम असा की चांगली भेंडी वाशीला जाते आणि निबर घरात शिजते. बावीस वर्षांत त्या घराने कोवळी भेंडी खाल्लेली नाही. आदल्या संध्याकाळी सगळा माल गेलेला, घरात उरलेली भेंडी अशी की चाकूने कापण्यापेक्षा करवत बरी. सख्ख्या भावाच्या ताटात ती वाढायची शकूला लाज वाटली. तिने नवऱ्याला मोटारसायकल काढायला लावली आणि स्वतः मागे बसली, कारण बावीस वर्षं भेंडी वाहिलेल्या या माणसाला भेंडी निवडता मात्र येत नव्हती.

रूपेशच्या दुकानात वरची भेंडी शकूला पसंत पडेना. तेव्हा रूपेशने आतून न उघडलेलं पोतं आणलं. वाशीचा माल आहे वहिनी, सकाळीच आलाय, म्हणाला. आणि शकू वाकून पोत्याच्या तोंडाकडे बघू लागली.

शिरसवण्यात पोत्यांवर नावं लिहीत नाहीत. प्रत्येक घरची बाई आपल्या जुन्या लुगड्याची पट्टी फाडून तिने पोत्याचं तोंड बांधते. कोणाची पट्टी कोणती हे दलालाच्या मुनीमालाही पाठ असतं. समोरच्या पोत्याला जांभळी पट्टी होती, पिवळ्या ठिपक्यांची, आणि गाठ उलटी मारलेली. तशी गाठ आख्ख्या तालुक्यात शकूच मारत असे, कारण ती डावखुरी.

“अवो,” ती हळूच म्हणाली, “ही माजी जांभळी.”

साईनाथने पट्टी पाहिली, पोतं पाहिलं, मग रूपेशकडे असं पाहिलं, जसा काही चोर सापडला. पण चोर कुठे होता? पोतं मळ्यातून त्यानेच उचललं होतं. वाशीला त्यानेच नेलं होतं. तो झोपला असताना दलालाने ते रूपेशच्या नावावर घातलं, आणि त्यानेच ते आज पहाटे इथे आणून टाकलं. मळ्यापासून दुकान दीड कोसावर. शकूने आपलीच भेंडी किलोभर विकत घेतली, पट्टी सोडवून कनवटीला लावली आणि मोटारसायकलवर बसली. पोत्यातल्या वरच्या भेंड्या एका रात्रीत मलूल झालेल्या, त्या रूपेशने तिच्यादेखत बाजूच्या टोपल्यात फेकल्या. त्या टोपल्यात आधीच बऱ्याच पडल्या होत्या.

भावाने जेवताना बोटं चाटली. वाशीची भेंडी निराळीच लागते, म्हणाला. साईनाथ पाण्याचा तांब्या शोधू लागला, तर शकूने तो पुढे केला आणि भावाला आणखी वाढली. त्या दिवशीही आणि नंतरही तिने त्या पट्टीचा विषय काढला नाही. साईनाथला वाटलं होतं ती बोलेल, भांडेल. ती भांडली असती तर त्याला बरं गेलं असतं.

रविवारी देवळाच्या मंडपात गट जमला. नवीनसाहेब आपल्या मोठ्या गाडीतून आले आणि पृथ्वीबद्दल थोडं बोलले. मग साईनाथ उठला. त्याने झाकण काढून सोनाबाईच्या पुढ्यात ठेवलं आणि आपल्या गाडीचा सगळा हिशेब सांगितला. त्यानंतर त्याने नवीनसाहेबांना अगदी अदबीने विचारलं, की मुंबईहून इथे येऊन परत जायला आपल्या गाडीला किती लागतं? साहेब सरळ माणूस. दहाएक लिटर, म्हणाले. आणि भाजी किती नेता? दोन-तीन किलो. साईनाथने देवळामागे आधीच आणून ठेवलेले पाच-पाच लिटरचे दोन कॅन उचलले आणि झाकणाशेजारी मांडले.

मंडपात जे हसू उठलं ते थांबेना. नवीनसाहेबही हसले. मी घरी राहायला येतो, भाजीसाठी नाही येत, असं त्यांनी सांगून पाहिलं, पण तोवर खटला निकाली निघाला होता. सोनाबाई म्हणाली, टेंपोचा काय दोष दिसत नाही, चालू द्या आहे तसं. बायका उठायला लागल्या. साईनाथ जिंकला होता. वाशी राहिली होती.

त्याने शकूकडे पाहिलं. सगळ्या बायका हसत होत्या आणि ती पायरीकडे बघत पदराचं टोक दुमडत बसली होती. आपल्या नवऱ्याचं झाकावं म्हणून ती गप्प होती, हे त्याला कळलं. त्याला एकदम फार वाईट वाटलं. पहाटे हाताला फडकं गुंडाळून, खाज सोसत ही बाई भेंडी तोडते, आणि आपण ती दीड कोसावर पोचवायला शंभर किलोमीटर फिरवून, सुकवून आणतो, वर गावात झाकण दाखवत हिंडतो.

“थांबा,” तो म्हणाला. “परतीचं सांगायचं राह्यलं.”

आणि त्याने सगळं सांगितलं. पोतं, पट्टी, उलटी गाठ, रूपेश, आणि विचारणारं कुणी नसताना वाशीतली झोपसुद्धा. सोनाबाईने पुढ्यातलं झाकण उचलून उलटसुलट पाहिलं.

“म्हंजे आमची भेंडी तुज्या गाडीतनं हवा खायला जाती व्हय रं?”

मग मात्र ज्याला त्याला आठवायला लागलं. सोनाबाईच्या लेकीला खालापुरात हिरव्या काठाच्या पट्टीचं पोतं दिसलं होतं आणि ती म्हणाली होती, आई, तुझ्यासारखं लुगडं वाशीला पण मिळतं वाटतं. तेजश्रीने वही उघडली. तिने शांतपणे सांगितलं की डिझेलचं झाकण फुकट गेलं, ते एक वेळ चालेल. पण रूपेशच्या टोपल्यावरून अंदाज धरला तरी या फेरीत पाच किलोंमागे एक किलो सुकून जातं, आणि त्या एका किलोसाठी ओढलेलं पाणी, जाळलेली वीज, टाकलेला युरिया आणि आयांचे हात, सगळं वाया. खरा धूर तिथे आहे, गाडीत नाही. गाडी फक्त रस्ता चुकते.

गटाने ठरवलं ते असं. खालापूरला तहसील कचेरीसमोर सकाळी गटाचीच भाजी विकायची. फार्महाऊसवाल्यांचं शनिवारी, ते आलेच असतील तर. त्यातून उरेल तेवढीच आठवड्यातून दोनदा वाशीला. पहाटेची तोडणी उरकली की दहापर्यंत बायका मळ्यात खुरपणीला असतात, तेव्हा गाडीसोबत विकायलाही साईनाथनेच बसायचं. त्याला कुणी विचारलं नाही. ज्याने स्वतः कबुली दिली त्याला शिक्षेबद्दल बोलायला तोंड नसतं.

पहिले चार-पाच दिवस त्याचे फार वाईट गेले. तो कचेरीसमोर टेंपो लावून आत बसून राही. गावची माणसं सात-बाऱ्यासाठी कचेरीत येत आणि त्याला भाजीच्या टेंपोत बघून मुद्दाम विचारत, आज वाशीला काय विशेष? लाजेने त्याने मान वर केली नाही. लोक येत, आपली आपण निवडून तोलून घेत, पैसे ठेवत आणि जात. भाजी दहाच्या आत संपे. टोपल्यात टाकायला काही उरत नसे, पण हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

सहाव्या दिवशी कचेरीतल्या सुनंदाबाई आल्या. जाड चष्मा, खांद्याला पिशवी, हातात डबा. त्या थेट टेंपोच्या दाराशी आल्या आणि काच वाजवली.

“अहो साईनाथ, काल तुमची भेंडी निबर निघाली. अर्धी टाकली मी.”

साईनाथ खाली उतरला तो भांडायच्या तयारीने. आमच्या भेंडीला बावीस वर्षांत कुणी नाव ठेवलेलं नाही, असं त्याने बोलायला सुरुवात केली आणि मधेच थांबला. खरंच कुणी ठेवलं नव्हतं. कोण ठेवणार? दलालाने एखादं पोतं उघडून वरची मूठ पाहिली, तीच त्या भेंडीची आणि माणसाची शेवटची ओळख. पुढे ती कुणी चिरली, कुणाच्या पोराने मागून घेतली, कुणी निबर म्हणून फेकली, त्यातलं काही मळ्यापर्यंत आलं नव्हतं. लाखो किलो भेंडी त्याने वाहिली होती, आणि ती कुणाच्या तोंडात जाते हे ठाऊक नसताना वाहिली होती. आता ही बाई चष्म्यातून त्याच्याकडे बघत उभी होती आणि त्याचं नाव घेऊन त्याला दोष देत होती.

त्याने तराजू घेतला आणि अर्धा किलो बदलून द्यायला भेंडी निवडू लागला. शकू करते तसं प्रत्येकीचा शेंडा मोडून बघू लागला. दहा-बारा मोडल्यावर सुनंदाबाई म्हणाल्या, सगळ्याच मोडू नका, मला उद्या पोराच्या डब्यापर्यंत टिकवायच्यात.

त्या दिवशी तो घरी आला तो तणतणतच. शकू अंगणात पाटीवर बसून पोती झटकत होती. कालची भेंडी कुणी तोडली, उशिरा का तोडली, ऊन चढेपर्यंत काय करत होता, असं तो एका दमात विचारत गेला. शकूने पोतं खाली ठेवलं. बावीस वर्षांत या माणसाने भेंडीबद्दल तिला विचारलेला हा पहिला प्रश्न होता.

“काय झालं तरी काय?”

“कचेरीतल्या सुनंदाबाई मला बोलल्या. तोंडावर. निबर निगाली म्हनं.”

“मग?”

“मग काय मग. पोरगं हाय त्यांचं, त्याला डब्यात भेंडी लागती. उद्या परत येनार हायत त्या.” त्याने एक झटकलेलं पोतं उचलून त्याची घडी घातली. मग आवाज उतरवून म्हणाला, “पहाटं मला उठव. मी पन येतो तोडायला. आन् हाताला बांधायला फडकं दे, खाज सुटती म्हनत्यात.”